अणूच्या नावाचा मित्र

एप्रिल १९५१. जपान अजून अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. त्या महिन्यात ओसामु तेझुका यांनी ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात ‘राजदूत ॲटम’ ही चित्रमालिका सुरू केली. हिरोशिमाला सहा वर्षेही झाली नव्हती, आणि बालनायकाचे नाव अणूवरून!

पृथ्वीवासी आणि हुबेहूब त्यांच्यासारखेच दिसणारे परग्रहवासी यांच्या वैरात हा यंत्रमुलगा मध्यस्थ होतो. तो माणूसच नसल्याने कोणत्याही एका पक्षाचा नव्हता. वाढत नाही म्हणून निर्मात्याने त्याला सर्कशीला विकले होते. पुढच्या कथांत तो माणसांच्या मुलांशेजारी वर्गात बसतो.

एप्रिल १९५२ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका आली. त्याच महिन्याच्या २८ तारखेला परकीय अंमल संपला.

१९६३ मध्ये तो अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर पोहोचला, तो ‘ॲस्ट्रो बॉय’ होऊन. नावातला अणू तेवढा गळाला होता.