पॉइन्सेट परगण्यातील कापसाचे अनुदान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी आर्कान्सा संस्थानाच्या पूर्वेस, सेंट फ्रान्सिस नदीच्या खोऱ्यात, पॉइन्सेट नावाचा परगणा आहे. जंगल तोडून व दलदलीचे पाणी काढून लागवडीस आणलेल्या तेथील गाळाच्या जमिनीत कापूस उत्तम पिके. परंतु जमीन जमीनदाराची आणि मेहनत वाटेकऱ्याची, अशी तेथील वहिवाट होती. बियाणे, औत, खेचरे आणि वर्षभराचे पीठमीठ जमीनदाराकडून उधार मिळे, हंगामाअखेर वाटेकऱ्याच्या अर्ध्या पिकातून ती बाकी वळती होई, आणि हिशेबाची वही जमीनदाराच्याच ताब्यात असल्यामुळे आपल्या पदरात काय पडले हे वाटेकऱ्यास तो सांगेल तेव्हाच कळे.

१९२९ साली रत्तलास सतरा सेंटांच्या आसपास असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत सहा-साडेसहा सेंटांवर कोसळला. पीक कमी करून भाव सावरावा, आणि पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल शेतकऱ्यास सरकारी खजिन्यातून भरपाई द्यावी, ह्या हेतूने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी १२ मे १९३३ रोजी शेतीविषयक नव्या कायद्यावर सही केली. तोवर कापूस पेरून झाला होता. म्हणून सुमारे एक कोटी एकर उभे पीक एकरी ७ ते २० डॉलर देऊन नांगरून टाकण्यात आले. रोपांवर पाय पडू न देण्याची शिकवण अंगवळणी पडलेली खेचरे त्या सरींत पाऊल टाकावयास तयार होईनात, असे त्या वेळचे लोक सांगत.

पुढील दोन वर्षांच्या करारनाम्यात मात्र जे कलम घातले गेले, तेच सर्व अनर्थाचे मूळ होय, असे माझे मत आहे. कमी केलेल्या पिकावर रत्तलामागे साडेतीन सेंट जमिनीचे भाडे ठरले, ते संपूर्ण जमीनदाराचे. आणि वर एक सेंट भावाची भरपाई, ती तेवढी निम्मी-निम्मी. म्हणजे साडेचार सेंटांपैकी चार सेंट धन्याच्या घरी आणि अर्धा सेंट नांगर धरणाऱ्याच्या हाती, आणि तोही पुष्कळदा धन्याच्याच हातून, जुन्या बाकीत जमा होऊन! करारांची तपासणी करणाऱ्या परगण्याच्या समित्यांवर तर जमीनदार मंडळीच बसलेली होती. कुळे ‘शक्य तोवर’ कायम ठेवावीत, असे एक कलम होते खरे. पण लागवड घटल्यावर माणसांची गरजही घटली, आणि ‘शक्य’ काय हे ठरविणाराही जमीनदारच.

पॉइन्सेटमधील टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून वाटेकऱ्यांना काढून लावण्यात आले, तेव्हा जुलै १९३४ मध्ये अकरा गोरे व सात कृष्णवर्णीय शेतकरी तेथील शाळेच्या इमारतीत जमले, आणि दक्षिणेकडील त्या काळच्या वर्णभेदाला न जुमानता त्यांनी एकच संघ स्थापन केला. कपडे धुण्याचा धंदा करणारे एच. एल. मिचेल आणि पेट्रोलपंप चालविणारे क्ले ईस्ट हे त्यांचे पाठीराखे. त्या अठरा माणसांचे धैर्य मला त्या कायद्याहून मोठे वाटते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु करार सरकार आणि जमीनदार ह्यांच्यामधला, वाटेकरी त्यात पक्षकार नव्हेत, असे म्हणून ती फेटाळण्यात आली. तीच कुळे ठेवणे बंधनकारक आहे, असा ‘शक्य तोवर’ ह्या कलमाचा अर्थ लावणाऱ्या जेरोम फ्रँक प्रभृती सरकारी कायदेपंडितांना ५ फेब्रुवारी १९३५ रोजी नोकरीवरून दूर करण्यात आले.

१९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने १९३३ चा तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. त्या निकालाचा रोख मात्र अनुदानासाठी गिरण्यांवर बसविलेल्या करावर आणि मध्यवर्ती सरकारच्या अधिकारांवर होता, वाटेकऱ्यांच्या गाऱ्हाण्यावर नव्हे. पुढे १९३८ च्या कायद्याने अनुदान पिकाच्या हिश्श्याप्रमाणे वाटण्याचे ठरले, तेव्हा अनेक जमीनदारांनी वाटेकरी ठेवणेच सोडले आणि रोजंदारीचे मजूर लावले. कारण मजुरास त्या अनुदानात हिस्सा द्यावा लागत नसे.