मठ, माग आणि हिशेब

मठ म्हटला की प्रार्थना, मौन आणि उपवास आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण मठवासीयांनाही भूक आणि थंडी चुकलेली नव्हती. अन्नवस्त्राचा व्यवहार त्यांनी कसा सांभाळला, हे पाहणे उद्बोधक आहे.

देवगाव रंगारी ज्या कन्नड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी, कुळातील मितदेवाने स्तंभ दान केल्याचा लेख आहे. लेणी अशा दानांतून उभी राहिली. पण रोजचा खर्च कसा चाले? त्याचे एक उत्तर नाशिकच्या दहाव्या लेण्यात कोरलेले आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा शेकडा १ आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल अक्षय, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते. वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२! दुसऱ्या ठेवीच्या ९० मधून किरकोळ खर्च भागे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दफ्तरी नोंदविला गेला.

इजिप्तमधील कॉप्टिक मठांनी दुसरी वाट धरली. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात संत पाखोमियस यांनी ताबेन्निसी येथे सामुदायिक मठजीवनाचा पाया घातला. तेथील बंधू लव्हाळ्याच्या चटया विणीत, टोपल्या व दोर वळीत, शेती आणि चांभारकामही करीत. माल नाईल नदीतून नौकांनी बाजारात जाई. वर्षातून एकदा सर्व मठांचे कारभारी मुख्य मठात जमून जमाखर्च सादर करीत.

पाखोमियसांच्या शिष्यपरंपरेने एक प्रसंग जपला आहे. एक बंधू पादत्राणे विकावयास गेला. त्याने ठरलेली किंमत सांगताच, 'एवढी स्वस्त? चोरीची तर नव्हेत?' असे ग्राहक म्हणू लागले. संकोचून त्याने ते देतील ते घेतले. तिप्पट रक्कम हाती आली. पाखोमियसांनी जादा पैसा ज्याचा त्याला परत करावयास लावला आणि त्या बंधूला विक्रीच्या कामावरून दूर केले.

एकीकडे विणकरांवर सोपविलेली ठेव, दुसरीकडे स्वतःच्या हातचे श्रम. मार्ग भिन्न, परंतु धर्मकार्याचा पैसा चारचौघांच्या नजरेसमोर असावा, ही जाण दोहोंकडे दिसते. आपल्या धर्मग्रामात अर्पणाचा हिशेब सर्वांपुढे वाचून दाखविला जातो, तेव्हा त्याला रूक्ष आकडेमोड समजून कान बंद करू नयेत. तो ऐकणे, आणि न समजल्यास विचारणे, हाही श्रद्धावंतांचा अधिकार आहे.