कलण्याची विद्या

सरळ चालावें, ताठ बसावें, झुकूं नये, हा उपदेश आपणांस लहानपणापासून मिळत आलेला आहे, आणि माणसाच्या बाबतींत तो बहुतेक खराही आहे. परंतु दोन चाकांवर चालणाऱ्या वाहनानें हा उपदेश मानला तर पहिल्याच वळणावर तें स्वारासह रस्ता सोडील. दुचाकीला वळावयाचें असेल तर तिनें प्रथम कललें पाहिजे. सायकल चालविणाऱ्या शाळकरी पोरालाही हें साधतें. पण आपण नेमकें काय करतों, हें त्याला विचारलें तर सांगतां येत नाहीं. शरीराला आधीं कळलेलें आणि बुद्धीला मागाहून समजलेलें असें जें ज्ञान मनुष्यजातीजवळ आहे, त्यांत या विद्येची गणना करावी लागेल. मोटारसायकलींच्या शर्यतींत ही विद्या कशी वाढत गेली, आणि शर्यतीच्या आवारांतून ती सार्वजनिक रस्त्यावर येतांना तिचें काय होतें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडें गणित सांगणें अवश्य आहे. कोणत्याही चालत्या पदार्थाची प्रवृत्ति सरळ रेषेंत जाण्याची असते. त्याला वळणाच्या आंत ओढून ठेवणारें बळ रस्ता व टायर यांच्या घर्षणांतून मिळतें. हें बळ गाडीच्या तळाशीं लागू होतें. गाडीचा व स्वाराचा भार मात्र वर असतो. म्हणून गाडी उभी ठेवली तर तळ आंत ओढला जाऊन माथा बाहेर फेंकला जाईल. माथा आधींच आंत कलवून ठेवला, तर गुरुत्वाकर्षण गाडीला आंत पाडूं पाहतें आणि वळण तिला बाहेर उलथूं पाहतें; या दोहोंचा तोल जेथें जमतो तोच कलाचा कोन. या कोनाशीं वजनाचा कांहीं संबंध नाहीं. वेग आणि वळणाची त्रिज्या हीं दोनच परिमाणें तो ठरवितात. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ५४ किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास सुमारें ३० अंश कलावें लागतें. वेग ७२ झाला कीं ४५ अंश, आणि ९० झाला कीं ५८ अंश. घर्षणाची मागणी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ४५ अंशांवर ती गाडी व स्वार यांच्या एकूण वजनाइतकी होते. टायरला ती पुरवितां आली नाहीं, तर चाकें बाहेर निसटतात आणि स्वार आंतल्या बाजूवर आडवा होतो. साऱ्या कलण्याच्या इतिहासाला ही मर्यादा आहे.

हें गणित समजण्याच्या कितीतरी आधीं माणसें कलूं लागलीं होतीं. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल ड्राइस यानें लांकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तिला पॅडल नव्हते. स्वार जमिनीवर पाय मारीत पुढें जाई. ती पडत कां नाहीं आणि वळते कशी, याचें पद्धतशीर विवेचन होण्यास मात्र अर्धें शतक जावें लागलें. ग्लासगो येथील अध्यापक विल्यम रँकिन यानें १८६९-७० मध्यें ‘दि एंजिनियर’ या नियतकालिकांत लेख लिहून एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. डावीकडे वळूं इच्छिणारा स्वार पुढचें चाक क्षणभर उजवीकडे फिरवितो. त्यामुळें चाकें उजवीकडे सरकतात, शरीर डावीकडे कलतें, आणि मग चाक त्या कलाच्या मागोमाग डावीकडे वळतें. म्हणजे डावीकडे जाण्याचा रस्ता आधीं उजवीकडून जातो! १८९९ मध्यें केंब्रिज येथील फ्रान्सिस व्हिपल यानें दुचाकीच्या तोलाचीं समीकरणेंही मांडलीं.

याच सुमारास अमेरिकेंतील डेटन गांवीं विल्बर व ऑर्व्हिल राइट हे बंधु सायकलींचें दुकान चालवीत होते. विल्बरनें अनेक सायकलस्वारांना, तुम्ही डावीकडे कसे वळतां, असें विचारलें. पण पहिल्या उत्तरांत सर्व गोष्ट बरोबर सांगणारा एकही मनुष्य त्याला भेटला नाहीं. हँडल प्रथम उलट बाजूस वळतें, हें कोणाच्याच ध्यानांत नसे. त्या काळचे कित्येक संशोधक विमान हें जहाजाप्रमाणें सपाट राहून वळावें अशी कल्पना करीत असतां, राइट बंधूंनीं तें सायकलीप्रमाणें कलून वळलें पाहिजे हें ओळखलें, आणि त्याप्रमाणें पंखांना पीळ देण्याची योजना केली. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान उडालें, त्यांत सायकलीच्या या धड्याचा वांटा लहान नव्हता.

यंत्र जोडलेल्या दुचाकीचा आरंभ मात्र कलण्याच्या भीतीनेंच झाला. १८८५ सालीं गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं कानस्टाट येथें पेट्रोलवर चालणारी लांकडी दुचाकी तयार केली, तेव्हां तिच्या दोन्ही बाजूंस तोल सांवरण्यासाठीं एकेक लहान चाक बसविलें होतें. तें काढून टाकण्यास धैर्य आलें तेव्हांच खरी मोटारसायकल जन्मास आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. २८ मे १९०७ रोजीं आयल ऑफ मॅन या बेटावर टूरिस्ट ट्रॉफीची पहिली शर्यत झाली. एका सिलिंडरच्या वर्गांत चार्ली कॉलियर हा ‘मॅचलेस’ गाडीवर जिंकला. त्याचा सरासरी वेग ताशीं ३८ मैलांच्या किंचित वर, म्हणजे सुमारें ६१ किलोमीटर होता. रस्ते कच्चे व धुळीचे, टायर अरुंद, आणि गाडीचा सांगाडा सायकलीहून फारसा वेगळा नव्हता. अशा गाडीवर कलणें हें बेतानेंच करावें लागे.

पुढील चाळीस वर्षांत गाड्या बदलल्या, रस्ते सुधारले, आणि स्वारीची एक शिस्त ठरून गेली. तिचें सूत्र असें कीं, स्वार व गाडी हीं एकाच रेषेंत राहावीं. गुडघे पेट्रोलच्या टाकीला घट्ट भिडलेले, कोंपरें आंत, पाठ वांकलेली. गाडी जितकी कलेल तितकाच स्वार. टाकीच्या दोन्ही अंगांस गुडघ्यांसाठीं रबराच्या गाद्या बसवीत, त्या याच शिस्तीच्या खुणा होत. जेफ ड्यूक हा या रीतीचा एक आदर्श समजला जातो. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यानें आंखलेला नवा सांगाडा नॉर्टन कंपनीनें १९५० मध्यें शर्यतींत उतरविला. त्याच्या स्थैर्यामुळें त्याला पिसांच्या गादीची उपमा मिळाली. अंगाबरोबर शिवलेला एकसंध चामड्याचा पोशाख घालून ड्यूक या गाडीवर बसे. १९५१ मध्यें ३५० आणि ५०० घनसेंटिमीटर अशा दोन्ही वर्गांत तो जगज्जेता झाला. त्या काळच्या छायाचित्रांत स्वार आणि यंत्र यांच्यामध्यें फट अशी दिसतच नाहीं. या रीतींत कांहीं न्यून असेल, असें पाहणाऱ्याच्या मनांतही येणार नाहीं.

परंतु हें सौंदर्य टायरच्या मर्यादेशीं बांधलेलें होतें. १९७० नंतरच्या दशकांत टायर रुंद झाले, रबर मऊ झालें, आणि शर्यतीसाठीं नक्षी नसलेले गुळगुळीत टायर आले. पूर्वीं निसटण्याच्या भीतीनें जेथें थांबावें लागे, त्याच्या पलीकडे कलतां येऊं लागलें; आणि मग नवाच अडथळा उभा राहिला. गाडीच्या पायटेकण्या, धुराड्याची नळी, यंत्राची कड हीं जमिनीला घांसूं लागलीं. गाडी याहून अधिक कलणार नाहीं, मग वेग वाढवावयाचा कसा?

याचें उत्तर यंत्रशाळेंतून आलें नाहीं. तें स्वाराच्या शरीरानेंच शोधून काढलें. फिनलंडमधील टुर्कू येथला यार्नो सारिनेन हा बर्फावरच्या शर्यतींत तयार झालेला स्वार होता. शिवाय तो यंत्रशास्त्राचा पदवीधर होता. वळण येतांच तो बैठकीवरून आंतल्या बाजूस सरके आणि गुडघा टाकीपासून सोडून बाहेर काढी. १९७२ मध्यें तो २५० घनसेंटिमीटर वर्गांत जगज्जेता झाला. कॅलिफोर्नियाचा केनी रॉबर्ट्स हा मातीच्या अंडाकार धांवपट्टीवर वाढलेला. तेथें मागचें चाक घसरत असतां गाडी ताब्यांत ठेवण्याची संवय त्याच्या हाडींमाशीं खिळली होती. सारिनेनला पाहून त्यानें बैठकीवरून उतरण्याची ही रीत उचलली, असें सांगतात. पुढें त्याचा गुडघा प्रत्यक्ष जमिनीला लागूं लागला, चामडें झिजूं लागलें, तेव्हां त्यावर चिकटपट्टीचे थर देण्यांत आले. आज त्याच जागीं प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. १९७८, १९७९ व १९८० अशीं सलग तीन वर्षें रॉबर्ट्स ५०० घनसेंटिमीटर वर्गाचा जगज्जेता होता. तेव्हांपासून टाकीला चिकटलेला गुडघा शर्यतींतून नाहींसा झाला.

ही रीत पाहणाऱ्यास कसरतीसारखी वाटते. पण तिच्यांत साधा हिशेब आहे. समजा, गाडी १५० किलोची आणि स्वार ६५ किलोचा आहे. स्वारानें आपला गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर आंत सरकविला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारें ६ सेंटिमीटर सरकतो. तो जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर पांच-सहा अंशांचा फरक पडतो. म्हणजे त्याच वेगानें त्याच वळणावर गाडीला पांच-सहा अंश कमी कलावें लागतें. लोखंड जमिनीपासून वर राहतें आणि टायर आपल्या अगदीं कडेवर न येतां चालतो. गुडघा हा आधार नव्हे, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावें. आंधळा जसा काठीनें भिंत चांचपतो, तसा स्वार गुडघ्यानें जमीन चांचपतो. आपण किती कललों आहों, याचें तें माप आहे.

या विद्येची किंमतही शर्यतीनें चुकती केलेली आहे. २० मे १९७३ रोजीं इटलींतील मोंझा येथें २५० घनसेंटिमीटरच्या शर्यतीच्या पहिल्याच फेरींत, भरधांव वेगाच्या मोठ्या वळणावर रेन्झो पासोलिनी याची गाडी पडली आणि मागून येणारा सारिनेन तिच्या सांपळ्यांत सांपडला. दोघेही तेथेंच मरण पावले. सारिनेन २७ वर्षांचा होता. वळणाच्या कडेला लोखंडी कठडे होते. घसरत जाणाऱ्या देहाला थांबावयास मोकळी जागा नव्हती. कलण्याची कला त्याच्याइतकी थोड्यांनाच अवगत होती. पण वळणाच्या बाहेर काय आहे, हें ठरविणें त्याच्या हातीं नव्हतें. आज शर्यतीच्या वळणांबाहेर खडीचीं व डांबराचीं विस्तीर्ण पटांगणें राखलेलीं असतात.

तेव्हांपासून कोन वाढतच गेला आहे. २०१३ मध्यें विसाव्या वर्षीं सर्वांत वरच्या वर्गाचा जगज्जेता झालेला स्पेनचा मार्क मार्केझ गुडघ्याबरोबर कोंपरही जमिनीला लावीत असे, आणि हल्लीं त्या वर्गांतील गाड्या ६० अंशांहून अधिक कलतात. सप्टेंबर २०२३ मध्यें दिल्लीजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर या वर्गाची शर्यत भारतांत प्रथमच झाली आणि मार्को बेझेकी ती जिंकला. जमिनीला टेकलेल्या गुडघ्याचें चित्र आतां आपल्याकडील घरोघरच्या तरुणांना परिचित आहे.

येथेंच आम्हांला कांहीं सांगावयाचें आहे. पावसाळ्यांत ताम्हिणीच्या किंवा माळशेजच्या घाटांत मोटारसायकलींच्या रांगा लागतात, आणि त्यांतील कांहीं स्वार बैठकीवरून उतरून गुडघा बाहेर काढतांना दिसतात. शर्यतीच्या टायरचें घर्षण त्याच्या भाराहून अधिक असूं शकतें, तेंही तो तापलेला आणि रस्ता कोरडा व स्वच्छ असेल तेव्हां. घाटांतल्या ओल्या रस्त्यावर तें भाराच्या ०.४ पट धरलें, तर कल २२ अंशांच्या पुढें जातां येत नाहीं; म्हणजे ४० मीटर त्रिज्येच्या ज्या वळणावर आम्हीं वर ताशीं ७२ किलोमीटर धरले, तेथें ४५ हीच सीमा होते. त्यांत कोठें माती वाहून आलेली, कोठें डिझेल सांडलेलें, आणि समोरून वळण कापीत येणारा ट्रक. शर्यतींतला स्वार सर्व घर्षण खर्च करूं शकतो, कारण त्यानें तेंच वळण शेंकडों वेळां पाहिलेलें असतें. रस्त्यावरच्या स्वारानें अर्धेंही खर्च करूं नये. उरलेलें अर्धें न दिसणाऱ्या गोष्टींसाठीं आहे.

परंतु याच्या उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक शोचनीय आहे. वळणांत शिरल्यावर तें अपेक्षेहून अधिक तीव्र निघालें कीं स्वार भितो. भ्यालेलें शरीर ताठ होतें, डोळे दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे खिळतात, हात ब्रेक आवळतो. गाडी उभी राहते आणि सरळ बाहेर जाते. कित्येकदां त्या क्षणीं टायरमध्यें आणखी दहा अंश कलण्याचें बळ शिल्लक असतें. आंतल्या बाजूचें हँडल पुढें दाबलें असतें तर गाडी आणखी कलली असती आणि वळली असती. रँकिननें हेंच दीडशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें आहे. पण गाडी चालविण्याचा परवाना घेतलेल्या किती जणांना हें कोणी कधीं सांगितलें असेल? आपल्या मुलांपर्यंत या इतिहासांतलें चित्र तेवढें पोंचलें, विद्या पोंचली नाहीं.

म्हणून ज्या घरांतला मुलगा किंवा मुलगी मोटारसायकलवर घाटांत जाते, त्या घरांत तीन गोष्टी बोलल्या जाव्यात असें आम्हांला वाटतें. वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे. दृष्टि वळण जेथें संपतें तेथें ठेवावी. आणि आंतल्या हातानें हँडल हलकेंच पुढें दाबून गाडी कशी कलते, हें एखाद्या मोकळ्या मैदानांत कमी वेगानें पुन्हां पुन्हां करून पाहावें. म्हणजे घाटांत प्रसंग आला तर शरीर ताठ होणार नाहीं.