ॲस्बेस्टॉस तंतुमापन

ॲस्बेस्टॉस तंतुमापन : कामाच्या जागेतील हवेत ॲस्बेस्टॉसचे किती तंतू तरंगत आहेत, हे ठरवण्याची पद्धत. शिसे किंवा सिलिकायुक्त धूळ यांचे हवेतील प्रमाण वजनात सांगतात. ॲस्बेस्टॉसचे मात्र नग मोजतात, आणि निकाल ‘एक मिलिलिटर हवेत इतके तंतू’ असा देतात. हे नग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माणूस मोजतो. त्यामुळे कशाला तंतू म्हणायचे, कोणत्या भिंगाखाली पाहायचे आणि किती वेळ हवा ओढायची, हे आधी ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. औद्योगिक आरोग्याच्या मापनांत नियमांवर इतके अवलंबून असलेले दुसरे मापन क्वचितच सापडेल.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. तंतुमय रूपात सापडणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना ते व्यापारात पडले. त्यांपैकी क्रिसोटाइल (पांढरे) सर्पेंटाइन गटातले. क्रोसिडोलाइट (निळे), अमोसाइट (तपकिरी), अँथोफिलाइट, ट्रेमोलाइट आणि ॲक्टिनोलाइट ही अँफिबोल गटातली. आग, आम्ल आणि ताण सोसण्याच्या गुणामुळे ती पत्रे, नळ, ब्रेक लायनिंग, बॉयलरवरचे लेपन, दोरखंड अशा असंख्य वस्तूंत गेली. महाराष्ट्रात चाळींवर, गोठ्यांवर, कारखान्यांच्या शेडवर दिसणारा ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणजे बहुधा क्रिसोटाइल मिसळलेले सिमेंटच. तंतू श्वासाबरोबर खोल गेले, तर फुप्फुस तंतुमय होऊन आकसते (ॲस्बेस्टोसिस), फुप्फुसाचा कर्करोग होतो किंवा फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा होतो. संपर्क आणि आजार यांत वीस ते चाळीस वर्षे जाऊ शकतात. म्हणून रुग्ण दिसू लागल्यावर हवा मोजून त्याला उपयोग नसतो. मापन आधी करावे लागते.

इतिहास : इंग्लंडमधील रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कापड गिरणीत काम केलेल्या नेली केरशॉ हिचा 1924 मध्ये मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर या आजाराला वैद्यकात नाव मिळाले. पुढे कारखाना निरीक्षक वैद्य मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांनी 363 कामगार तपासले, त्यांपैकी 95 जणांत फुप्फुसाचे तंतुमयीकरण आढळले. त्यांच्या 1930 च्या अहवालावरून ब्रिटनमध्ये 1931 साली जगातले पहिले ॲस्बेस्टॉसविषयक नियम आले. त्यांत आकड्यातली मर्यादा नव्हती. यंत्रांवर धूळ ओढणारे पंखे लावा, असा एकूण सूर होता.

आकडे आले ते खाणींकडून. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी रॉबर्ट कोट्झे यांनी 1916 च्या सुमारास कोनिमीटर हे उपकरण बनवले. त्यात स्प्रिंगच्या पिचकारीने थोडीशी हवा वंगण लावलेल्या काचेवर आपटत असे आणि चिकटलेले कण मोजत. अमेरिकेत हवा द्रवातून बुडबुडवत नेणारा इंपिंजर रूढ झाला. त्यातले कण कमी वर्धनाखाली मोजून ‘एका घनफूट हवेत इतके दशलक्ष कण’ असा निकाल देत. या मोजणीत तंतू आणि साधी धूळ वेगळी नव्हती. 1938 साली अमेरिकन सार्वजनिक आरोग्य सेवेने नॉर्थ कॅरोलायनातील कापड गिरण्यांच्या पाहणीवरून घनफुटाला 5 दशलक्ष कण ही मर्यादा सुचवली. पाहणीआधी त्या गिरण्यांतून बरेच जुने कामगार कमी केलेले होते. साहजिकच सर्वाधिक धूळ खाल्लेले लोक मोजणीत आलेच नाहीत. तरीही हा आकडा अमेरिकेत तीन दशके चालला.

1960 साली वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यांतले जवळजवळ सगळे क्रोसिडोलाइटच्या पट्ट्यात राहिलेले किंवा काम केलेले होते, आणि काहींनी खाणीत कधी पाऊलही टाकलेले नव्हते. म्हणजे थोडा संपर्कही धोक्याचा ठरत होता आणि ‘दशलक्ष कण’ ही भाषा तोकडी पडत होती. याच दशकात ब्रिटनमध्ये पटल-फिल्टर पद्धत (हवा पातळ फिल्टरमधून ओढून त्यावर अडकलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची) बसली. 1968 मध्ये ब्रिटिश ऑक्युपेशनल हायजीन सोसायटीने क्रिसोटाइलसाठी मिलिलिटरला 2 तंतू ही मर्यादा मांडली. जुन्या कणसंख्येचे नव्या तंतुसंख्येत रूपांतर करणारा एकच गुणक मात्र आजतागायत कोणाला देता आलेला नाही. खाण, गिरणी आणि पत्र्याचा कारखाना यांत तो वेगवेगळा पडतो. क्वेबेकच्या क्रिसोटाइल खाणकामगारांवरील मोठ्या अभ्यासांतली जुनी मापने याच कारणाने वादात राहिली.

नमुना घेणे : कामगाराच्या कमरेला बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि कॉलरजवळ, नाकातोंडापासून साधारण 30 सेंमीच्या आत, 25 मिमी व्यासाच्या फिल्टरची कॅसेट अशी ही मांडणी असते. फिल्टर सेल्युलोज एस्टरचा असतो. त्यासमोर सुमारे 5 सेंमी लांबीची नळकांडी जोडतात आणि ती विद्युतवाहक प्लॅस्टिकची असते, नाहीतर स्थिर विजेमुळे तंतू तिच्या भिंतीलाच चिकटून बसतात. कॅसेटचे तोंड खाली ठेवतात. पंपाचा प्रवाह काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तपासतात. त्याच पेटीतला एक न वापरलेला फिल्टर ‘कोरा’ म्हणून सोबत न्यायचा, जागेवर क्षणभर उघडून बंद करायचा आणि तोही मोजायचा असतो.

पंप माणसाच्या अंगावर का लावायचा, याचे उत्तर ॲस्बेस्टॉसच्या बाहेरून आले. शेरवूड आणि ग्रीनहॉल यांनी 1960 साली ब्रिटनच्या अणुऊर्जा केंद्रात अंगावर बाळगता येणारा नमुनासंग्राहक वापरला, तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्रापेक्षा माणसाच्या श्वासाजवळचे आकडे बरेच जास्त निघाले. कारण उघड आहे : धूळ जिथे उडते तिथेच काम करणाऱ्याचे तोंड असते. भिंतीला टांगलेला पंप व्यवस्थापनाला सोयीचा, पण तो भिंतीचा श्वास मोजतो.

मोजणी : प्रयोगशाळेत फिल्टरवर ॲसिटोनची वाफ सोडली की तो वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. वर ट्रायॲसिटिनचा थेंब टाकून आवरणकाच ठेवतात. तंतूंचा अपवर्तनांक या माध्यमापेक्षा वेगळा असल्याने फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली, 400 ते 500 पट वर्धनावर, ते उठून दिसतात. नेत्रभिंगात 100 मायक्रोमीटर व्यासाचे वर्तुळ आखलेली वॉल्टन-बेकेट जाळी असते. लांबी 5 मायक्रोमीटरपेक्षा जास्त, जाडी 3 मायक्रोमीटरपेक्षा कमी आणि लांबी जाडीच्या निदान तिप्पट असेल, तो तंतू. दोन्ही टोके वर्तुळात असतील तर एक, एकच टोक आत असेल तर अर्धा, दोन्ही बाहेर असतील तर शून्य. फाटलेला तंतू एकच धरायचा. गुंतलेल्या जुडीतले तंतू सुटे ओळखू येत नसतील, तर तीही एकच.

ही व्याख्या शरीराने केलेली नाही. 5 मायक्रोमीटरची सीमा मुख्यतः दोन मोजणाऱ्यांचे आकडे जुळावेत म्हणून आखली गेली. क्रिसोटाइलचा मूळ तंतुक सुमारे 0.03 मायक्रोमीटर जाड असतो, तर प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला साधारण 0.2 मायक्रोमीटरच्या खालचे दिसत नाही. उलट कापूस, कागद, जिप्सम, काचलोकर यांचा मापात बसणारा तंतूही मोजला जातो, कारण या पद्धतीत खनिज ओळखलेच जात नाही. सूक्ष्मदर्शक तपासायला क्रमाने पुसट होत जाणाऱ्या रेषांचे सात गट कोरलेली काच वापरतात. ठरलेल्यापेक्षा कमी गट दिसले तर सूक्ष्मदर्शक बाद होतो, आणि जास्त दिसले तरीही बादच. अधिक चांगले उपकरण नाकारण्याचा हा नियम विचित्र वाटेल, पण मर्यादा ज्या नजरेने मोजून ठरवली, त्याच नजरेने पाळली गेली पाहिजे.

हिशोब सोपा आहे. जाळीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 0.00785 चौ. मिमी, फिल्टरचे उघडे क्षेत्रफळ सुमारे 385 चौ. मिमी. मिनिटाला 2 लिटर दराने 4 तास, म्हणजे 480 लिटर हवा ओढली आणि 200 वर्तुळांत 20 तंतू सापडले, तर संपूर्ण फिल्टरवर सुमारे 4,900 तंतू धरावे लागतात, आणि हवेतले प्रमाण मिलिलिटरला 0.01 येते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉस काढून टाकल्यानंतर बंदिस्त जागा पुन्हा वापरायला देण्याआधी नेमका हाच आकडा कसोटीला लावतात. त्या वेळी पंप चालू असताना जमीन आणि पृष्ठभाग मुद्दाम ब्रशने झाडतात. शांत बसलेली धूळ मोजून मिळालेला स्वच्छतेचा दाखला काही कामाचा नाही.

20 तंतूंवर उभा असलेला आकडा मात्र डळमळीत असतो. केवळ योगायोगाच्या नियमाने त्याच हवेत 12 किंवा 30 तंतूही सापडू शकतात. त्यात मोजणाऱ्याचा डोळा, थकवा आणि त्या प्रयोगशाळेची सवय मिसळते. म्हणून प्रयोगशाळा एकमेकींत त्याच काचा फिरवून आपली मोजणी ताडून पाहतात; ब्रिटनची ‘राइस’ ही अशीच योजना. दुसऱ्या दशांश स्थळापर्यंतचा आकडा छापून त्याखाली किती तंतू मोजले हे न सांगणारा अहवाल वाचकाने परत पाठवावा, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

खनिज ओळखायचे आणि बारीक तंतूही पकडायचे, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो महाग आणि संथ असल्याने रोजच्या कामात पोहोचत नाही. शिवाय तो व्याख्याच बदलतो : अमेरिकेतील शाळांसाठीच्या 1986 च्या कायद्याखाली 0.5 मायक्रोमीटर लांबीपासूनचे तंतू मोजतात. तो आकडा फेज कॉन्ट्रास्टच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे, पण वर्तमानपत्रांत ते सर्रास होते.

मर्यादा : अमेरिकेत 1971 च्या मिलिलिटरला 12 तंतूंवरून मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत 1994 मध्ये 0.1 वर आली. ब्रिटनमध्येही 0.1 आहे, पण आठ तासांऐवजी चार तासांच्या सरासरीवर. युरोपीय संघाने 2023 च्या निर्देशाने ती 0.01 वर आणली. 21 डिसेंबर 2029 पासून 0.2 मायक्रोमीटरहून बारीक तंतूही मोजावे लागतील, किंवा ते वगळायचे असल्यास 0.002 ची मर्यादा पाळावी लागेल. यांपैकी कोणताही आकडा ‘निर्धोक’ नव्हे. जोखीम आणि मोजण्याची क्षमता यांतली ती तडजोड आहे.

वस्तूची तपासणी : पत्रा, लेपन किंवा फरशी यांत ॲस्बेस्टॉस आहे का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी चिमूटभर नमुना ठरावीक अपवर्तनांकाच्या तेलात (क्रिसोटाइलसाठी 1.550) बुडवून ध्रुवित प्रकाशाखाली पाहतात. रंगांच्या छटांवरून आणि प्रकाशीय गुणांवरून खनिज ओळखता येते. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या रंगावर विसंबू नये. सिमेंटमध्ये सगळेच करडे दिसते.

भारतात : भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने कलम 41-फ आणि दुसरी अनुसूची आली, आणि कामाच्या जागेतील घातक द्रव्यांच्या मर्यादा कायद्यात लिहिल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर निकाल देताना पटल-फिल्टर चाचणी सर्व ॲस्बेस्टॉस कारखान्यांना लागू केली. कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचे बंधन घातले. आजारी ठरलेल्यांना 1 लाख रुपये भरपाईही ठरवली. या क्षेत्रातले संशोधन प्रामुख्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत चालते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्य प्रयोगशाळा आहे.

हे सगळे कारखान्याच्या दारापर्यंत. क्रिसोटाइल आयात करून पत्रे बनवणे भारतात चालूच आहे, आणि कारखान्यात तंतू ओल्या सिमेंटमध्ये मिसळत असल्याने तिथले आकडे तुलनेने आटोक्यात राहतात. खरी धूळ उडते पत्रा कापताना. धूळ ओढण्याची सोय नसलेल्या विजेच्या करवतीने सिमेंटचा पत्रा कापताना मिलिलिटरला 10 ते 20 तंतूंच्या घरातले आकडे नोंदले गेले आहेत, म्हणजे ब्रिटिश मर्यादेच्या शंभर ते दोनशे पट. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव पत्रे मारणारा मिस्त्री कटर मशीन घेऊन छपरावर चढतो, तेव्हा त्याच्या कॉलरला पंप लावायला कोणी येत नाही. मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातेतल्या अलंगला जुन्या जहाजांच्या नळांवरचे लेपन ओरबाडणारे मजूर, शहरांत जुन्या शेड पाडणारे ठेकेदारांचे लोक, यांची गत तीच. फ्रान्सचे ‘क्लेमांसो’ हे विमानवाहू जहाज 2005 च्या अखेरीस अलंगकडे निघाले, तेव्हा त्यात किती टन ॲस्बेस्टॉस उरले आहे यावरच वाद पेटला. फेब्रुवारी 2006 मध्ये ते माघारी बोलावले गेले आणि पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तोडले गेले. न्यायालयाने सांगितलेली 40 वर्षांची नोंद ठेवायला मुळात हजेरीपटावर नाव लागते. रोजंदारीच्या मजुराचे ते नसते. त्याच्यासाठी मापनाआधीचे उपाय हाताशी आहेत : पत्रा ओला करून हातकरवतीने कापणे, शक्य तिथे अखंड उतरवणे, भुगा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपणे आणि तुकडे बांधून वेगळे ठेवणे.