छोट्या गाडीचे कांगडा

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, तेव्हा स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही काही इतिहास-संशोधक नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय घेतला होता, एवढेच आमचे भांडवल. बाकीचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. परंतु मुलूख सोडून पंजाबात राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना, तुटपुंज्या पगारातही, हिमालयाचे एक मनोहर खोरे ज्या गाडीने खुले केले, तिची कथा सांगण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते.

पठाणकोटहून निघणारी कांगडा खोऱ्यातील छोट्या मापाची रेल्वे ही ती गाडी. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. मार्गाची लांबी १६४ किलोमीटर. मात्र ती प्रवाशांच्या सोयीसाठी बांधली गेली नव्हती. १९२५ साली मंडी संस्थानचे राजे जोगिंदर सेन यांच्याशी करार होऊन शानन येथे जलविद्युत केंद्र उभारण्याचे ठरले. तेथवर अवजड यंत्रे न्यायची कशी, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून ही लोहवाट जन्मास आली. १ एप्रिल १९२९ रोजी ती वाहतुकीस खुली झाली. शाननची वीज १९३३ साली लाहोरपर्यंत पोहोचली, आणि सुक्राहट्टी नावाच्या खेड्याचे राजाच्या नावावरून जोगिंदरनगर झाले.

डोंगर दिसला की पोखरायचा, ही रेल्वे बांधणाऱ्यांची नेहमीची रीत. येथील अभियंत्यांनी ती सोडली. त्यांनी डोंगराला वळसा घातला, नाल्यावर पूल टाकला आणि उताराच्या कडेकडेने वाट काढली. म्हणून एवढ्या मार्गावर बोगदे केवळ दोनच, आणि लहानमोठे पूल मात्र साडेनऊशेहून अधिक. परिणाम असा, की खिडकीतून धौलाधारची हिमशिखरे तासन् तास प्रवाशाची सोबत करतात.

या गाडीने आम्ही प्रथम गेलो ते १९९८ च्या मे महिन्यात. आमच्या मातोश्री बीड जिल्ह्यातल्या. परळीचा वैजनाथ हे त्यांचे माहेरचे दैवत. गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, आणि गावाकडे जाण्याची रजा-सवलत आदल्याच वर्षी खर्ची पडलेली. "इथंच जवळ बैजनाथ म्हणून गाव आहे म्हणतात. तो आपलाच देव असेल का रे?" असे त्यांनी एके दिवशी विचारले. टॅक्सीचा भाव ऐकून आम्ही गप्प बसलो होतो. कार्यालयातील एका कांगडी शिपायाने सुचविले, "साहेब, छोट्या गाडीने जा ना!" चौघांचे जातानाचे तिकीट काढले, तेव्हा घरच्या एका दिवसाच्या भाजी-दुधाहून ते फारसे जड गेले नाही.

सौभाग्यवतींनी दशम्या, लसणीची चटणी आणि शंकरपाळ्यांचा डबा बांधून घेतला होता. डब्यात लाकडी बाके. भोवती शाळेत निघालेली मुले, दुधाच्या किटल्या, भाजीच्या टोपल्या. आमची दशमी समोरच्या आजीबाईंनी घेतली आणि पदरातले आलुबुखार आमच्या कन्येच्या ओंजळीत टाकले. मातोश्रींना हिंदी येत नव्हते, आजीबाईंना कांगडीखेरीज काही येत नव्हते. तरी दोघींचे संभाषण पपरोल्यापर्यंत खंडले नाही.

या खिडकीतून इतिहास किती दिसावा! गुलेरचे लहानसे स्थानक लागते. अठराव्या शतकात पंडित सेऊ आणि त्यांचे पुत्र माणकू व नैनसुख या चित्रकारांचे घराणे याच भूमीत नांदले, आणि ज्यास आपण कांगडा शैली म्हणतो तिचा उगम येथलाच. पुढे कांगड्याचा किल्ला दिसतो. १००९ साली गझनीच्या महमुदाने तो लुटला, १६२० साली जहांगीराच्या फौजेने घेतला; राजा संसारचंदाने तो परत मिळवला, आणि गुरख्यांच्या वेढ्यातून सुटण्याच्या खटाटोपात १८०९ साली रणजितसिंहाच्या हाती दिला. एवढ्या सत्तांना पुरून उरलेला हा दुर्ग ४ एप्रिल १९०५ च्या सकाळी भूकंपाने काही क्षणांत उद्ध्वस्त केला. त्या दिवशी या परिसरात सुमारे वीस हजार माणसे दगावली. पालमपूरचे चहाचे मळेही त्या धक्क्याने खचले, आणि कित्येक गोऱ्या मळेवाल्यांनी मळे विकून काढता पाय घेतला.

बैजनाथचे मंदिर मात्र त्या हादऱ्यातूनही उभे राहिले. तेथील शिलालेखांवरून ते १२०४ सालचे ठरते. म्हणजे ज्ञानेश्वरी सिद्ध होण्याच्या शहाऐंशी वर्षे आधीचे. आणि ते बांधविले कोणी? राजाने नव्हे, मन्युक आणि आहुक या दोघा व्यापारी बंधूंनी. मातोश्रींनी गाभाऱ्यात हात जोडले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "देव तोच. फक्त इथं गारठा जास्त." ज्योतिर्लिंगाच्या मानावरून परळी, देवघर आणि बैजनाथ यांच्यात जो वाद आहे, तो आमच्यापुरता तेथेच मिटला. रात्री धर्मशाळेत सतरंज्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी एका लग्नघरी आम्हांस आग्रहाने पंगतीत बसविले. जमिनीवर बसकण, पुढे पत्रावळ आणि त्यावर भात, मदरा, आंबट-गोड वाढप. यास तेथे धाम म्हणतात. मातोश्रींना तो थाट इतका ओळखीचा वाटला, की त्या वदनी कवळ म्हणू लागल्या.

येथे आम्हांस नेहमी संत नामदेवांचे स्मरण होते. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी पंढरीचा हा शिंपी पंजाबात आला, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिला, आणि त्याची पदे गुरू ग्रंथसाहिबात विराजमान झाली. २०१५ साली त्याच घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांच्या गाठीशी ना भत्ता होता ना आरक्षण. दूरदेश आपलासा करावयास पैसा लागत नाही, वाट लागते आणि वाटेवरची माणसे लागतात.

ही वाट मात्र पुनःपुन्हा तुटली आहे. महायुद्धाच्या गरजेपायी १९४२ साली नगरोटा ते जोगिंदरनगर हे रूळ उखडून नेण्यात आले. ते पुन्हा अंथरले गेले १९५४ साली. पोंग धरणाच्या जलाशयाखाली १९७३ साली एक भाग गेला, तो नव्या मार्गाने १९७६ साली जोडण्यात आला. आणि २० ऑगस्ट २०२२ रोजी चक्की नदीच्या पुरात पठाणकोटजवळचा जुना पूलच कोसळला. पठाणकोटहून थेट जाणारी गाडी त्यानंतर दीर्घकाळ थांबली.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या कन्येने, "आजीची गाडी पुन्हा पाहायची," असा हट्ट धरला. मातोश्री तेव्हा हयात नव्हत्या. आम्ही बसने गेलो. रस्ता उत्तम होता, वेळही वाचला. परंतु दुधाच्या किटल्या कोठे दिसल्या नाहीत, आणि कोणी दशमी मागितली नाही. सरकारी नोकरास हिशेब कळतो. ही गाडी तोट्यात चालते, हे आम्ही जाणतो. तथापि शाळेला जाणारी पोरे, टोपली घेऊन बाजारास निघालेली म्हातारी आणि देवाच्या ओढीने आलेली एक परमुलुखातील आई, ही कोणत्या रकान्यात जमा धरावयाची, हे आम्हांस पस्तीस वर्षांच्या नोकरीत उमगलेले नाही.

मंडळाच्या तरुण सभासदांना एवढीच विनंती. कांगड्यास जा. छोटी गाडी धावत असेल तर तिच्यातूनच जा, आणि डबा दोन माणसांना पुरून उरेल इतका न्या.