घरपोच शिधा आणि चुलीचा हिशोब



गेल्या दिवाळीत मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी दारात एक खोके आले. उघडले तर आत दोघांपुरते तांदूळ, डाळ, दोन कांदे, तीन मिरच्या, मसाल्याची इवलीशी पुडी आणि कृती छापलेला कागद! बहीण म्हणाली, "दादा, आज काय करायचं हा विचारच नको. चिरायचं आणि शिजवायचं." शेजारी बसलेली आई पटकन म्हणाली, "म्हणजे शिधाच की गं हा!"

आई शाळेत फार शिकलेली नाही; पण तिच्या त्या एका शब्दाने मला इतिहासाचे दार उघडून दिले. शिधा आपल्याला नवा नाही. दुसऱ्याच्या हातचे न खाणारा वाटसरू गावात आला, की त्याला एका वेळचे तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, मिरची मोजून द्यायचे. तीन दगड मांडून तो आपले आपण शिजवून खाई. त्यामागे पाहुणचार होता, तसा सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीपातीचा भेदही होता, हे विसरून चालणार नाही.

आजच्या विकतच्या शिध्याचा धंदा स्वीडनमध्ये २००७ साली सुरू झाला. २०११ मध्ये बर्लिनला आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कला मोठ्या कंपन्या निघाल्या. २०२०च्या महासाथीत लोक घरात अडकले, तेव्हा या खोक्यांची मागणी वाढली. पुढे ती ओसरली. न्यूयॉर्कच्या 'ब्लू एप्रन' कंपनीने २०१७ साली आपले शेअर बाजारात आणले आणि २०२३ साली ती दुसऱ्याला विकली गेली. सवलतीच्या दरात गिऱ्हाईक येते. सवलत संपली की तेही जाते.

मग हा शिधा घ्यावा की नाही? उत्तरासाठी जरा जुन्या मुंबईत जाऊ या.

१८५०च्या दशकात मुंबईत कापडाची पहिली गिरणी उभी राहिली. मागोमाग कोकणातून, घाटावरून माणसे आली. बायकामुले गावी आणि गडी मुंबईत. माझे आजोबा त्यांतलेच. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. खानावळ म्हणजे काही हॉटेल नव्हे. एखादी बाई आपल्याच खोलीत दहा-वीस गड्यांचा स्वयंपाक करी. बाजार तिचा, चूल तिची, भांडीही तिनेच घासायची.

दुसरी सोय डब्याची. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास डबे पोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागांतली माणसे त्यात आली. डब्यावरच्या खुणा पाहून, लोकलगाडीने, घरचे जेवण दुपारच्या सुट्टीत कचेरीत पोचवायचे आणि रिकामा डबा परत आणायचा. महासाथीपूर्वी रोज लाख-दोन लाख डबे असे फिरत. त्यानंतर ती संख्या बरीच घटली.

आता हिशोब मांडू. जेवणामागे तीन कामे असतात: बाजारहाट करणे, शिजवणे आणि पानापर्यंत पोचवणे. खानावळीने तिन्ही कामे अंगावर घेतली. डबेवाल्याने पोचवणे घेतले. नवा शिधा फक्त बाजारहाट घेतो, मोजमाप करून देतो. शिजवणे घरातच राहते.

पैसे कोणाला मिळाले, तेही पाहा. डब्यात डबेवाल्याला मजुरी मिळाली. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीला नाही. खानावळवालीला पैसे मिळत, पण महिन्याच्या पगारानंतर. तोवर किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजाने. म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेची कर्जे मिळू लागली. १९८२चा गिरणी संप झाला; गडी गावी परतले आणि शेकडो चुली थंडावल्या. त्या दिवसांत शहराला कळले, की आपण कोणाच्या हातचे जेवत होतो.

खोक्याचे गुण नाकारू नयेत. मोजके आल्यामुळे वाया कमी जाते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ साली दाखवले, की पुड्यापाकिटांचा कचरा धरूनही, अन्नाची नासाडी कमी झाल्यामुळे अशा जेवणाचा हवेवरचा भार दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणापेक्षा कमी पडतो. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याला, परगावी एकट्या राहणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण ज्याच्या कणगीत धान्य आहे, बांधावर शेवगा आहे, त्याने तीन मिरच्या पाकिटात विकत का घ्याव्यात? माझे मत विचाराल तर, अडीनडीला शिधा घ्यावा. रोजची सवय करू नये.

आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या संध्याकाळी खोके आले, कागद आला; पण दिवसभर नोकरी करून आलेली बहीणच ओट्याशी उभी राहिली. आम्ही पुरुषमंडळी गप्पा मारीत बसलो. आईने माझ्याकडे नुसते पाहिले. मी उठलो आणि कांदे चिरायला घेतले. डोळ्यांत पाणी आले, ते काही सगळे कांद्याचे नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गातल्या मुलांना कालच्या एका जेवणामागची सगळी कामे लिहायला सांगा आणि प्रत्येकापुढे ते करणाऱ्याचे नाव. बाजारहाटीचा भार खोके उचलील. उरलेला कोणी उचलायचा, ते त्या यादीतच दिसेल.