वर्ध्याच्या पावसाची पूर्व बाजू

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वाधिक वेगाने बाष्प वाहून आणतात. पण त्यातले बरेचसे सह्याद्री चढतानाच पडून जाते. घाट ओलांडलेली हवा खाली उतरताना तापते, ढग विरतात आणि मध्य महाराष्ट्राचा पट्टा कोरडा राहतो. विदर्भातला वर्धा जिल्हा या समुद्रापासून आणखी आत असूनही तेथे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो. विदर्भात बुलढाण्याकडून गडचिरोलीकडे जावे तसा पाऊस वाढतच जातो. याचे कारण पूर्वेला आहे.

बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडवरून वायव्येकडे सरकतात. जोराचा पाऊस बहुधा त्यांच्या नैर्ऋत्य भागात पडतो आणि क्षेत्र मध्य भारतावर आले की वर्धा अनेकदा त्याच भागात सापडतो. हीच क्षेत्रे अरबी समुद्राची दमट हवाही ओढून घेतात. नुसते बाष्प पुरत नाही, ते वर उचलले जावे लागते. उपसागर शांत झाला आणि मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी गेला, की पावसात खंड पडतो. आभाळ भरलेले असले तरी शिवार कोरडेच राहते.

असे खंड सोसणारे पीक म्हणून येथे कापूस टिकला. त्याची मुळे खोल जातात आणि काळी जमीन ओल धरून ठेवते. जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाला मोठे नाव होते. 1862 मध्ये वर्धा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले होते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली आणि हा कापूस थेट मुंबईला पोचू लागला.

1899 मध्ये मात्र दोन्ही समुद्रांकडून येणारे वारे दुबळे पडले. पूर्वेने हात दिला नाही, तेव्हा काळ्या जमिनीची ओलही कामी आली नाही. रेल्वेने धान्य आणता येत होते. पण शेतात काम नाही, म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून ते धान्य विकत घेणार कोण? दुष्काळाची झळ खरी बसली ती या बुडालेल्या मजुरीतून.

1875 मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्यापुढे पावसाचा अंदाज हे काम अशा दुष्काळांनी अधिक निकडीचे केले. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले आणि दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाशी भारतातल्या पावसाचे नाते शोधू लागले. जिल्ह्यात पाणी साठवण्याची मोठी सोय त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बोर धरणासारख्या प्रकल्पांनी झाली. तरीही कापसाचे बरेचसे क्षेत्र आजही कोरडवाहू आहे.